गणित घ्यायचंय... पण कुठलं?

"दादा, मला बारावीनंतर गणितच घ्यायचंय. इंजिनिअरिंग नको. काय करू?"

दिवाळीच्या आधी, सबमिशनच्या ऐन धामधुमीत धाकट्या बहिणीचा फोन आला. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात फोन, आणि समोर रूममेट माझ्याच जर्नलमधून रीडिंग्ज उतरवतोय. अशा वेळी माणूस जे उत्तर देतो तेच मी दिलं. "गणित म्हणजे आमचं एम-थ्री गं. लाप्लास, फूरिए, झेड ट्रान्सफॉर्म. नुसती घोकंपट्टी. त्यात पडू नकोस. कॉम्प्युटर घे आणि मोकळी हो."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

इथे एक कबुली द्यायला हवी. एम-थ्रीला मला के.टी. लागली होती. म्हणजे मी जे बोललो तो सल्ला नव्हता, जुना राग होता. घरी आमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान. बाबांचं म्हणणं सरळ आहे. "दादा इंजिनिअर होतोय, तूही हो. गणित घेऊन काय, शाळेत शिकवणार?" घरात या विषयावर ज्याचं ऐकलं जाईल असा मी एकटाच, आणि मीच असं बोललो. दोन दिवस चैन पडेना. शेवटी ज्यांच्या पेपरात मी उडालो होतो त्याच सरांना कॅन्टीनबाहेर चहा पिताना गाठलं.

सर हसले. म्हणाले, "तू तिला जे सांगितलंस ते गणित नव्हे, गणिताचं हत्यारांचं कपाट आहे. आम्ही तुम्हाला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर देतो. ते बनवतात कसे ते दाखवायला तास पुरत नाहीत. आणि 'गणित घ्यायचंय' हे वाक्यही अर्धवट आहे. कुठलं गणित? निदान चार तरी आहेत. तुमच्या मेसच्या रांगेवरच दाखवतो."

मंडळी, त्या दिवशी चहाच्या दोन कपांत जे ऐकलं आणि नंतर आम्ही रूमवर करून पाहिलं, ते इथे लिहितोय. ज्यांच्या घरी बारावीतलं भावंडं आहे, त्यांनी हा अंक सुट्टीत घरी न्यावा!

रांग एक, माणसं चार

प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रात्रीच्या जेवणाला पोळीच्या काउंटरवर रांग लागते. रेक्टर सर म्हणतात, "एवढी काही गर्दी नसते." आम्ही म्हणतो, "मरणाची गर्दी असते." खरं कोण बोलतंय, आणि दुसरं काउंटर लावायचं की नाही? आता हाच प्रश्न चार वेगवेगळ्या माणसांकडे देऊ.

पहिला : संख्याशास्त्राचा माणूस

हा आधी विचारतो, "तुम्ही मोजलंत कसं?" समजा जेवणाच्या एका तासाचे दहा-दहा मिनिटांचे सहा भाग केले. पाच भागांत प्रत्येकी २ जण आले, आणि टीव्हीवरची मॅच संपल्यावर एका भागात एकदम ५० जण आले. एकूण ६० जण, ६ भाग. सरासरी झाली दर भागाला १० जण. रेक्टर सरांच्या वहीत हीच सरासरी असणार.

आता त्याच ६० जणांना एकेक करून विचारा, "तू आलास तेव्हाच्या दहा मिनिटांत एकूण किती जण आले होते?" पन्नास जण सांगतील ५०, आणि दहा जण सांगतील २. बेरीज २५२०, भागिले ६०, म्हणजे सरासरी ४२!

एकच मेस, एकच रात्र. सरासरी एकीकडे १० आणि दुसरीकडे ४२. खोटं कुणीच बोलत नाही. सरांनी वेळेची सरासरी काढली, आम्ही माणसांची. गर्दीच्या वेळी गर्दी बघायला माणसंही जास्त असतात, म्हणून आमचा आकडा फुगतो. आकड्याच्या मागे जाऊन तो कुणाला विचारून आणला हे शोधणं, आणि आकडा काय सांगू शकत नाही हेही सांगणं, हा संख्याशास्त्राचा प्राण आहे. सरासरी, मध्यक, बहुलक ही त्याची फक्त बाराखडी.

दुसरा : उपयोजित गणिताचा माणूस

हा मोजत बसत नाही, आधी मॉडेल बांधतो. समजा पोळीवाले मामा तासाला सरासरी ६० जणांना वाढू शकतात. मुलं यदृच्छया येतात आणि वाढायला लागणारा वेळही कमीजास्त होतो, अशी काही गृहीतकं धरली की एक सोपं सूत्र निघतं. रांगेत उभं राहिल्यापासून पोळी ताटात पडेपर्यंतची सरासरी मिनिटं काढायची असतील, तर वाढण्याच्या दरातून येण्याचा दर वजा करा आणि त्या वजाबाकीने ६० ला भागा.

तासाला ४५ जण आले तर ६० भागिले १५, म्हणजे ४ मिनिटं. ५४ जण आले तर ६० भागिले ६, म्हणजे १० मिनिटं. आणि ५७ जण आले तर? ६० भागिले ३, म्हणजे २० मिनिटं!

बघा, ५४ चे ५७ झाले, तासाला फक्त तीन जण वाढले, आणि थांबणं दुप्पट झालं. मामांचा वेग तोच, आळसही तोच. "कालपर्यंत तर ठीक चाललं होतं" असं ज्या ज्या ठिकाणी म्हटलं जातं तिथे बहुधा हेच घडलेलं असतं. क्षमतेच्या काठाला गेलं की थोड्याशा भाराने रांग उसळते. अर्थात ही दीर्घकाळची सरासरी झाली. आपली मेस दोन तासांत बंद होते आणि मुलं घोळक्याने येतात. तेव्हा मॉडेल इथे कितपत लागू पडतं हे तपासणं हाही याच माणसाच्या कामाचा भाग.

ई अँड टी.सी.वाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या कॉल्सवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तिथून हा विषय सुरू झाला. ट्रॅफिकचं जे 'एरलांग' एकक आपण ओरलला पाठ करून जातो, ते याच माणसाच्या नावाचं.

तिसरा : संगणन करणारा माणूस

हा म्हणतो, गृहीतकं कशाला हवीत, रांग चालवूनच बघू. मी आणि रूममेटने त्याच रात्री पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. तासाला ५४ येणारे, ६० वाढणारे. सूत्राप्रमाणे उत्तर १० मिनिटं यायला हवं. हजार मुलांची रांग चालवली. एकदा ७ आलं, एकदा १३. आम्हाला वाटलं कोडच चुकला. तासभर बग शोधला, बग नव्हताच! इतक्या भरलेल्या रांगेत हजार मुलं फारच कमी पडतात. एक लाख मुलं सोडली तेव्हा कुठे उत्तर १० च्या आसपास स्थिरावलं.

मग पुढचे प्रश्न येतात. किती वेळा चालवलं म्हणजे पुरे? यदृच्छ आकडे संगणक देतो कुठून? लाखाच्या ऐवजी कोटी मुलं असतील तर प्रोग्रॅम किती हळू होईल, आणि त्याला जलद करता येईल का? नुसतं कोडिंग येणं वेगळं आणि हे प्रश्न पडणं वेगळं. गणित आणि संगणकशास्त्र यांची एकत्र पदवी असते ती या प्रश्नांसाठी.

चौथा : शुद्ध गणिताचा माणूस

हा सगळ्यात शेवटी बोलतो. "तुमची गृहीतकं काढून टाका. मुलं कशीही येवोत, मामा कसेही वाढोत. तरीही नेहमी खरं असेल असं काही आहे का?"

आहे! रांगेत सरासरी किती जण आहेत, हा आकडा म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ साली दिली. तिचा गाभा इतका साधा आहे की ताटात पोळी पडेपर्यंत सांगून होतो.

प्रत्येक मुलासाठी कागदावर एक आडवी पट्टी काढा, आला तेव्हापासून गेला तेव्हापर्यंत. समजा तीनच मुलं आली. एक ४ मिनिटं थांबला, दुसरा ५, तिसरा ३. हा सगळा खेळ ६ मिनिटांत आटोपला. पट्ट्या आडव्या मोजल्या तर एकूण १२ मिनिटं. आता त्याच पट्ट्या उभ्या मोजा, म्हणजे पहिल्या मिनिटाला किती जण, दुसऱ्या मिनिटाला किती जण, असं. बेरीज पुन्हा १२ च येणार, कारण चित्र तेच आहे! ६ मिनिटांत १२, म्हणजे रांगेत सरासरी २ जण. दुसरीकडून बघा. ६ मिनिटांत ३ मुलं, म्हणजे मिनिटाला अर्धा मुलगा. सरासरी थांबणं ४ मिनिटं. अर्धा गुणिले चार, दोन. जमलं!

आता याचा खरा प्रश्न सुरू होतो. आपण धरून चाललो की रांग रिकामी सुरू झाली आणि रिकामी संपली. ती कधीच रिकामी झाली नाही तर? कायम चालूच राहिली तर 'सरासरी' म्हणायचं कशाला? ती एका आकड्याकडे जाते हे कशावरून? पहिल्या वर्षी फळ्यावर एप्सिलॉन आणि डेल्टा बघून आपण सगळ्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्या दोन अक्षरांचं काम नेमकं हे आहे. मला ते चौथ्या वर्षी, चहाच्या टपरीवर कळलं.

सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बहिणीला हे चारही सांग. कुठलं ऐकताना ती मधेच बोलली ते बघ. बाकी प्रॉस्पेक्टस नंतर."

आता पदव्यांची नावं

चार माणसं लक्षात राहिली की पदव्यांच्या जंगलात वाट सापडते.

सिद्धता आवडणाऱ्यांसाठी भारतीय सांख्यिकी संस्थेचं, म्हणजे आय.एस.आय.चं, बंगळूरचं बी.मॅथ. आहे. ते २००० साली सुरू झालं. चेन्नईजवळच्या सिरुसेरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. तिथे गणित आणि संगणकशास्त्र अशी एकत्र पदवी १९९८ पासून मिळते, म्हणजे चौथ्या आणि तिसऱ्या माणसाची तिथे एकाच बाकावर सोय आहे. पुण्यात २००६ साली आयसर सुरू झाली. तिथल्या पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस.मध्ये आधी सगळी विज्ञानं चाखता येतात आणि मग गणिताकडे वळता येतं. ज्याचं अजून पक्कं ठरलेलं नाही त्याला हे सोयीचं. मुंबईत विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं मिळून एक केंद्र २००७ पासून आहे. तिथे गणिताचा पाच वर्षांचा एकत्रित एम.एस्सी. करता येतो.

संख्याशास्त्रासाठी मोठं नाव म्हणजे कोलकात्याच्या आय.एस.आय.चं बी.स्टॅट. महालनोबिस यांनी १९३१ साली ही संस्था काढली, १९५९ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं आणि १९६० पासून तिथे बी.स्टॅट. सुरू झालं. २०२४ पासून याच संस्थेने सांख्यिकी आणि डेटा सायन्सची वेगळी पदवीही सुरू केली आहे. आणि घरापासून जवळ हवं असेल तर पुण्या-मुंबईसकट बऱ्याच शहरांतल्या जुन्या कॉलेजांत संख्याशास्त्राचं बी.एस्सी. आहे. त्याला कमी लेखायचं कारण नाही.

संगणनाकडे ओढा असेल तर काही आय.आय.टी.मध्ये 'मॅथेमॅटिक्स अँड कम्प्युटिंग' नावाचं बी.टेक. आहे. बंगळूरच्या आय.आय.एस्सी.नेही ते २०२२ पासून सुरू केलं. उपयोजित गणिताच्या वेगळ्या पदव्या आपल्याकडे या पातळीवर थोड्याच. ज्याला दुसरा माणूस आवडला त्याने गणिताच्या जोडीला भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्यावं आणि प्रोग्रॅमिंग सोडू नये. विम्याच्या गणिताची, म्हणजे अ‍ॅक्च्युअरीची वाट निराळी. तिथे पदवीपेक्षा इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा महत्त्वाच्या आणि त्या पदवी घेता घेता सुरू करता येतात.

प्रवेशाचे नियम आणि परीक्षा बदलत राहतात, तेव्हा तारखा आणि अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघाव्यात. मागच्या वर्षी आत गेलेल्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

पाटीवर जाऊ नका, आत डोकवा

सध्या 'डेटा सायन्स' ही पाटी जिथे तिथे दिसते. पाटी वाईट नाही, पण आत काय शिजतंय ते बघावं. सरांनी एक साधी कसोटी सांगितली. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम मागवा आणि पाच नावांवर खूण करा : लिनिअर अल्जेब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि प्रोग्रॅमिंग. पाचपैकी चार असतील तर पदवीला पाया आहे. पहिल्या सेमिस्टरपासून नुसती सॉफ्टवेअरची नावं असतील तर सावध व्हा. सॉफ्टवेअर पाच वर्षांत बदलतं, लिनिअर अल्जेब्रा बदलत नाही.

दुसरं, अभ्यासक्रमाइतकंच शिकवणारं माणूस महत्त्वाचं. कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसमध्ये फी विचारून परत येऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठा आणि विचारा : गणितं सोडवायला वेगळे तास असतात का? सर फळ्यावर अडकले तर काय करतात? अडकल्यावर "बघू या" म्हणणारे सर असतील तर ते कॉलेज चांगलं!

तिसरं, तीन वर्षं की चार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अनेक विद्यापीठांत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं ऑनर्सचं वर्ष करता येतं. पुढे संशोधन किंवा परदेश डोक्यात असेल तर ते चौथं वर्ष उपयोगी पडतं. हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवावं.

चौथं, साधं कॉलेज मिळालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एम.टी.टी.एस. हे उन्हाळी प्रशिक्षण १९९३ पासून चालतं. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा २०१० पासून आहे. पुण्यात प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगीही यातून देशातल्या चांगल्या गणितज्ञांपर्यंत पोचू शकते.

पोटापाण्याचं काय?

हा प्रश्न बाबांचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या घरी महिनाअखेर हिशोब लावावा लागतो त्याला "आवड जप" एवढंच सांगणं सोपं आहे, पण प्रामाणिक नाही.

तर खरं असं. संख्याशास्त्र आणि संगणनाकडून गेलं तर पदवीनंतर किंवा एम.एस्सी.नंतर बँका, विमा, औषध कंपन्या, सॉफ्टवेअर, सरकारी सांख्यिकी खाती अशी दारं आहेत. केंद्र सरकारची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे. तिच्या परीक्षेला पदवीच्या पातळीवर बसायचं तर संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. नुसतं शुद्ध गणित घेऊन नंतर "अरेरे" म्हणणारे असतात, म्हणून हे आधीच सांगितलं. शुद्ध गणिताची वाट लांबची आहे. पदवी, मग एम.एस्सी., मग पीएच.डी. तिशीच्या जवळ जाईपर्यंत स्थिरता येत नाही, शिष्यवृत्तीवर दिवस काढावे लागतात. शाळा-कॉलेजात शिकवणं हा मार्ग आहेच, आणि "शाळेत शिकवणार?" हा टोमणा का व्हावा हे मला अजून कळलेलं नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर नसते तर ६१७४ या आकड्याला आज जगात कोणी ओळखलं नसतं.

खर्चाच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. आय.एस.आय.च्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.च्या मुलांना फी तर सोडाच, उलट दरमहा विद्यावेतन देण्याची पद्धत कित्येक वर्षं राहिली आहे. ताजा नियम तेवढा बघून घ्यावा. खासगी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या फीशेजारी हा आकडा मांडला की घरातल्या चर्चेचा सूर बदलतो. आमच्याकडे बदलला!

पंधरा दिवसांची चाचणी

बारावीचे मार्क म्हणजे आवडीचा पुरावा नव्हे. ९८ मार्क मिळवणाऱ्यालाही सिद्धतेचा कंटाळा येऊ शकतो. म्हणून सरांनी चार कामं दिली, प्रत्येकाला तीन-चार दिवस.

एक. मूळ संख्या अनंत आहेत हे पुस्तक न बघता स्वतः सिद्ध करायचा प्रयत्न करा. जमलं नाही तरी चालेल. तीन दिवस तोच प्रश्न डोक्यात राहतो का ते बघा.

दोन. घराजवळ कुठेही, एस.टी. स्टँड म्हणा, दूधडेअरी म्हणा, चार दिवस काहीतरी मोजा. मग पानभर लिहा. निम्म्या पानावर आकडे काय सांगतात, निम्म्या पानावर काय सांगत नाहीत.

तीन. मोजलेल्या गोष्टीचं एक सूत्र बनवा, पाचव्या दिवशीचा अंदाज करा आणि तो कुठे फसला ते शोधा.

चार. कुठल्याही भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहा. तो चालला की तिथे थांबू नका. आकडा दसपट केल्यावर किती वेळ लागतो ते बघा.

उत्तर बरोबर आलं की नाही हे महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता तुम्ही कुठल्या कामाकडे परत गेलात, तेवढं टिपून ठेवा. पुढची पायरी म्हणजे आय.एस.आय. आणि चेन्नईच्या संस्थेच्या जुन्या प्रवेशपत्रिका. एक पत्रिका घेऊन रविवारभर बसा. पर्याय निवडणं आणि युक्तिवाद लिहून काढणं यातला फरक एका रविवारात कळतो.

आणि आपलं काय?

आता कुणी हॉस्टेलाईट म्हणेल, "हे सगळं बारावीच्या मुलांना. आम्ही तर आत येऊन पडलो." तर ऐका.

आय.आय.टी. मुंबईतून १९७८ साली इलेक्ट्रिकलचं बी.टेक. झालेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत दिली, आणि ती आज गणिताच्या पुस्तकांत शिकवतात. उलटा प्रवासही आहे. राजचंद्र बोस मूळचे शुद्ध गणिताचे. महालनोबिसांनी त्यांना संख्याशास्त्राच्या संस्थेत आणलं, आणि नाव राहिलं ते आमच्या डिजिटल कम्युनिकेशनच्या पुस्तकात. बी.सी.एच. कोडमधला 'बी' तो हाच. कॅन्टीनच्या काउंटरवर चिकटवलेल्या क्यू.आर. कोडच्या एका भागात तेच गणित काम करतं, म्हणून तेलाचा डाग पडला तरी चहाचे पैसे जातात! आणि २००७ साली आबेल पारितोषिक मिळालेले वरदन हे मद्रासहून संख्याशास्त्राची पदवी घेऊन, कारखान्यांत उपयोगी पडेल असं काही करावं म्हणून आय.एस.आय.ला गेले होते. तिथे सोबतच्या मुलांबरोबर चर्चा करता करता संभाव्यतेच्या शुद्ध गणितात शिरले.

म्हणजे पदवी ही खोली आहे, कोठडी नाही, दार आतूनही उघडतं. आपल्यापैकी कुणाला अजूनही ओढ असेल तर गेटला गणिताचा पेपर आहे, २०१९ पासून संख्याशास्त्राचाही आहे. मात्र पुन्हा प्रवेश घेताना बराचसा पाया स्वतःच भरून काढावा लागतो, याची तयारी ठेवा.

शेवटी

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बहिणीला आधी सॉरी म्हटलं, मग मेसची रांग सांगितली. १० आणि ४२ ऐकल्यावर ती मधेच बोलली, "थांब, परत सांग." पट्ट्यांची सिद्धता तिने शांतपणे ऐकली, "छान आहे" म्हणाली, आणि वही घेऊन दुकानात जाऊन बसली. चार दिवस दर अर्ध्या तासाला किती गिऱ्हाइकं येतात ते लिहीत होती. पाचव्या दिवशी बाबांनी वही पुढे ओढली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "म्हणजे संध्याकाळी सात ते आठ पोरगा जास्तीचा ठेवायचा, आणि दुपारचा नको?"

ती म्हणाली, "चार दिवसांवरून एवढं ठाम नाही सांगता येत, बाबा. त्यात दिवाळी होती."

बाबा माझ्याकडे बघून हसले. "फॉर्म भर म्हणावं तिला. पण सी.ई.टी.चाही भर."

आता दोन्ही अभ्यास चालू आहेत. काय होईल ते निकालानंतर. निदान कुठलं गणित हवंय हे तिला ठाऊक आहे. आमच्या मेसच्या दुसऱ्या काउंटरचा अर्ज मात्र अजून रेक्टर सरांच्या टेबलावरच आहे. त्याच्या आधी तिथे किती अर्ज पडलेत आणि दिवसाला किती सुटतात हे कळलं, तर आमचा कधी निघेल ते लिटलच्या नियमाने काढून देऊ!

– अंतिम वर्ष, ई अँड टी.सी.